२०४ नंबरची खोली



पेसाख संपला, पेसाखची भांडी पुन्हा माळ्यावर गेली, की आमच्या घरी लागोपाठ दोन दिवे लागतात. पहिला योम हाशोआच्या संध्याकाळी. दुसरा २८ निसानच्या रात्री, पहिला विझायच्या सुमारास. दोन्ही दिवे आम्ही आईच्या पद्धतीने लावतो. काचेच्या पेल्यात पाणी, वर बोटभर तेल आणि त्यात वात. दुकानात चोवीस तास चालणारी मेणबत्ती मिळते, पण हाताला सवय पेल्याचीच आहे.

पहिल्या दिव्याबद्दल कुणी विचारत नाही. इथे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तो ठाऊक आहे. दुसऱ्याबद्दल मात्र आले-गेले हटकून विचारतात, "काय हो, कुणाची अझकारा आहे का?" आहे तर खरी. पण नात्यातलं कुणी नाही. तो दिवा अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एका सकाळी मारल्या गेलेल्या ३२ माणसांसाठी आहे. त्यांतल्या एकालाही आम्ही कधी पाहिलं नव्हतं. हा दिवा आम्ही का लावतो आणि दहा वर्षं तो अर्धवट का लावत होतो, हे आज सांगायचं आहे. मोठ्यांनी वाचावं आणि घरातल्या मुलांना समजेल तेवढं वाचून दाखवावं.

तो सोमवार

तारीख होती १६ एप्रिल २००७. योम हाशोआ एरवी २७ निसानला येतो. त्या वर्षी २७ निसान रविवारी आला. अशा वर्षी शब्बाथ सुटतासुटता समारंभाची तयारी करावी लागू नये म्हणून दिवस एकाने पुढे नेतात. त्यामुळे तो सोमवारी, २८ निसानला पाळला गेला.

आमची सकाळची पाळी होती. दहा वाजता भोंगा वाजला आणि वॉर्डात दोन मिनिटं सगळं थांबलं. औषधांची ट्रॉली होती तिथेच राहिली. ज्यांना उठता येत होतं ते रुग्ण उभे राहिले. खिडकीजवळच्या पलंगावर रोमानियाहून आलेल्या एक आजी होत्या. त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून त्या कठडा धरून ताठ बसल्या. या आजी रोज जेवणातला पावाचा एक तुकडा उशीखाली लपवून ठेवायच्या. नवीन आलेल्या मुली चादर बदलताना तो टाकून द्यायच्या आणि मग आजी रडायच्या. आम्ही मुलींना सांगितलं, "तो पाव तिथेच राहू दे, रोज बदला फक्त."

खरं सांगायचं तर हे आम्हालाही इथे येऊनच कळलं. १९६९ साली पनवेलच्या शाळेतून मॅट्रिक होऊन आम्ही अलिया केली तेव्हा शोआबद्दल फार थोडं माहीत होतं. कोकणात आपल्या वाडवडिलांना लोक शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवतात एवढीच काय ती आपली वेगळी ओळख. ज्यू म्हणून कुणी दारावर दगड मारला नाही, कुणी गाडीत कोंबून नेलं नाही. इथे नर्सिंग शिकताना रुग्णाची बाही वर करून रक्तदाब घ्यायचा आणि हातावर गोंदलेला आकडा दिसायचा. आमचा इतिहास आम्ही असा शिकलो, एकेका हातावरून.

पाळी संपवून घरी आलो, चहा झाला. संध्याकाळी टीव्हीवर हाशोआचेच कार्यक्रम चालू होते. त्यातच खाली पट्टी येऊ लागली: अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार. आपल्याकडे तेव्हा पाच वाजून गेले होते, तिकडे सकाळचे दहा. आधी एक मृत म्हणाले, मग वीस, रात्रीपर्यंत तीसच्या वर आकडा गेला. आमचे हे म्हणाले, "बंद करा तो टीव्ही. आजच्या दिवसाला एवढं पुरे आहे." आम्ही बंद केला.

दार धरून उभे राहिलेले प्राध्यापक

दुसऱ्या दिवशी इथल्या सगळ्या बातम्यांत एकच नाव होतं, प्राध्यापक लिविऊ लिब्रेस्कू.

मुलांनो, हे नाव लक्षात ठेवा. त्यांचा जन्म १९३० साली रोमानियातल्या प्लोएश्ती या गावी झाला. लहानपणी ते ट्रान्सनिस्ट्रियातल्या छावणीत आणि नंतर फोक्शानी शहरातल्या घेट्टोत होते. त्यातून वाचले, शिकले आणि विमानं कशी बांधावी या शास्त्रातले मोठे इंजिनियर झाले. तिथल्या कम्युनिस्ट सरकारपुढे मान तुकवली नाही आणि इस्राएलला जायची परवानगी मागितली, म्हणून त्यांचं काम अडवून ठेवलं गेलं. शेवटी पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी स्वतः रोमानियाच्या चाउशेस्कूंकडे शब्द टाकला, तेव्हा १९७८ साली त्यांना कुटुंबासह इथे येता आलं. तेल अवीव विद्यापीठात त्यांनी शिकवलं. १९८५च्या सुमारास ते एका वर्षासाठी म्हणून व्हर्जिनिया टेकला गेले आणि तिथेच रमले. २००७ साली त्यांचं वय ७६ होतं. त्या वयात माणूस नातवंडं खेळवतो, हे वर्ग घेत होते.

त्या सोमवारी सकाळी नॉरिस हॉल नावाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, २०४ नंबरच्या खोलीत त्यांचा तास चालू होता. शेजारच्या खोल्यांतून गोळ्यांचे आवाज येऊ लागले. ते दाराशी गेले, दार अंगाने दाबून धरलं आणि मुलांना खिडक्यांतून बाहेर पडायला सांगितलं. मुलांनी खिडक्यांच्या जाळ्या काढल्या आणि एकेक जण खाली उडी मारू लागला. कुणाचे पाय मोडले, पण जीव वाचला. गोळ्या दारातून आरपार आल्या. प्राध्यापक गेले. वर्गातले बहुतेक सगळे विद्यार्थी वाचले.

हे कळलं कसं? वाचलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या पत्नीला ई-मेल लिहून कळवलं. शुक्रवारी, २० एप्रिलला, त्यांना रआनानाला माती दिली. रोमानियाने आपला सर्वांत मोठा किताब त्यांना मरणोत्तर दिला. ज्या देशाने त्यांना इतकी वर्षं अडवून धरलं त्याच देशाने, म्हणजे बघा.

आम्ही ठरवलं की यांची अझकारा आपण करायची. शोआतून वाचलेला माणूस शोआच्याच दिवशी जातो आणि तोही दुसऱ्यांच्या मुलांना वाचवताना. अशा माणसासाठी एक पेलाभर तेल जळायलाच हवं. बहुतेक वर्षी योम हाशोआ ज्या संध्याकाळी संपतो त्याच संध्याकाळी २८ निसान लागतो. म्हणून एका दिव्याला लागून दुसरा.

ठाण्याहून आलेला फोन

त्याच आठवड्यात ठाण्याहून आमच्या नणंदेचा फोन आला. पेसाख कसा गेला वगैरे झालं आणि मग त्या म्हणाल्या, "वहिनी, अमेरिकेतलं ऐकलंत ना? आपल्या इथली मुलगी होती हो. मुंबईची. शिकायला गेली होती. इथे पेपरात रोज फोटो येतोय."

आम्ही म्हणालो, "हो का? अरेरे. इथे तर आपल्या प्राध्यापकांचंच चाललंय."

"कोण प्राध्यापक?" नणंदेने विचारलं.

मग आम्ही त्यांना प्राध्यापकांचं सांगितलं, त्यांनी आम्हाला त्या मुलीचं सांगितलं. दोघींनीही हळहळ व्यक्त केली आणि फोन ठेवला. आंतरराष्ट्रीय फोनचे पैसे पडत होते तेव्हा. ती मुलगी आमच्या डोक्यातून गेली. खोटं कशाला बोला, साफ गेली. त्यानंतर दहा वर्षं आम्ही २८ निसानला दिवा लावत होतो आणि एकच नाव घेत होतो.

२०१७ साली आमची मोठी नात बारा वर्षांची होती. शाळेत योम हाशोआसाठी एकेका वाचलेल्या माणसाबद्दल लिहायचं होतं. तिने प्राध्यापक लिब्रेस्कू निवडले, कारण लहानपणापासून आमच्या तोंडून ते नाव ऐकत आली होती. कॉम्प्युटरवर बसून तिने सगळं शोधून काढलं. कोणत्या खोलीत कोण होतं याची यादीसुद्धा. आम्ही भाजी निवडत होतो. ती कागद घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आजी, २०४ नंबरच्या खोलीत किती जण गेले?"

"एक. प्राध्यापक. बाकीचे त्यांनी वाचवले ना!"

"नाही आजी. दोन. एक विद्यार्थिनी पण होती. ती भारतातली होती, मुंबईची. तुला माहीत नव्हतं?"

आम्ही काय सांगणार? माहीत होतं म्हणावं तर दहा वर्षांत एकदाही तिचं नाव घेतलं नाही. माहीत नव्हतं म्हणावं तर तो फोन आठवत होता. नणंदेने सांगितलेली मुलगी आणि आमचे प्राध्यापक एकाच खोलीत, एकाच वेळी गेले होते. इथल्या पेपराने आम्हाला अर्धं सांगितलं होतं, तिकडच्या पेपराने नणंदेला अर्धं. दोन्ही अर्धे तुकडे आमच्या एका फोनवर एकत्र आले होते आणि तरीही आम्ही ते जोडून पाहिले नाहीत. आपला माणूस म्हटल्यावर आम्ही फक्त ज्यू माणूस पाहिला. जी मुलगी आपल्याच मुंबईतून परक्या देशी शिकायला गेली होती, ती आमची कुणी लागते असं आम्हाला वाटलंच नाही.

नातीने आणखी एक विचारलं. "मग त्यांनी तिला वाचवलं नाही का?"

बालमित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. इतकी वर्षं वॉर्डात काढली तरी लागला. आम्ही तिला सांगितलं की सगळ्यांना वाचवता येत नाही. डॉक्टरांना येत नाही, नर्सला येत नाही, त्यांनाही आलं नाही. त्यांच्या हातात जितका वेळ होता तितका त्यांनी दार धरून मुलांना दिला. तो वेळ सगळ्यांना पुरला नाही. म्हणून त्यांचं काम लहान होत नाही आणि म्हणून ती मुलगी विसरायचीही नाही. ती तेव्हा गप्प बसली. पटलं की नाही, देव जाणे.

तिचं नाव आम्ही इथे छापत नाही. तिच्या घरच्यांना आम्ही ओळखत नाही, त्यांना विचारलेलं नाही. दिवा लावताना मात्र दरवर्षी घेतो, प्राध्यापकांच्या नावाला लागूनच.

बाकीच्या खोल्या

मग नातीने सुरू केलेलं काम आम्हीच पुढे नेलं. ३२ म्हणजे कोण कोण? २७ विद्यार्थी आणि ५ शिकवणारे. सकाळी सव्वासात वाजता विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात दोघे गेले. साधारण पावणेदहाला नॉरिस हॉलमध्ये तीस. हा सगळा प्रकार दहा-अकरा मिनिटांत संपला. २०६ नंबरच्या खोलीत पाण्याचं शास्त्र शिकवणारे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन आणि त्यांचे नऊ विद्यार्थी गेले. लोगनाथन मूळचे तामिळनाडूचे, अनेक वर्षं तिथे शिकवत होते. २०७ मध्ये जर्मन भाषेचा वर्ग होता, २११ मध्ये फ्रेंचचा. फ्रेंचच्या वर्गात बाईंसह बाराजण गेले. एक प्राध्यापक वरच्या मजल्यावर सुरक्षित होते, ते काय झालं पाहायला खाली आले आणि गेले. २०५ नंबरच्या खोलीतल्यांनी मोठं टेबल दाराला लावून सगळ्यांनी मिळून दाबून धरलं. त्या खोलीत कुणीही मेलं नाही.

नर्स म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट लागून राहिली. त्या दिवशी तिथे इतका वारा होता की हेलिकॉप्टर उडवता येईना. जखमींना ब्लॅक्सबर्ग गावातल्या आणि जवळपासच्या रुग्णालयांत रस्त्यानेच न्यावं लागलं. अशा वेळी एकामागून एक ॲम्ब्युलन्स दाराशी लागते तेव्हा तिथल्या आमच्या बहिणींची काय गत झाली असेल, हे या पेशात असलेल्यांनाच कळेल. त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात.

चार्ज देणं

आता थोडं कडू बोलतो. गोळ्या झाडणारा त्याच विद्यापीठातला विद्यार्थी होता, वय २३. शेवटी त्याने स्वतःलाही संपवलं. त्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. पण तो आजारी होता हे सांगायला हवं. मनाचा आजार. डिसेंबर २००५ मध्येच न्यायालयाने त्याला स्वतःच्या जिवाला धोका आहे असं ठरवून, बाहेरून येऊन उपचार घ्यायचा हुकूम दिला होता. शिक्षकांना काळजी वाटत होती, सोबतच्या मुलांना भीती वाटत होती, पोलिसांनाही थोडंफार ठाऊक होतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि ते कुणी एका ठिकाणी ठेवले नाहीत. न्यायालयाचा हुकूम बंदूक विकताना तपासायच्या यादीत गेला नाही, कारण तो दाखल करून घेण्याचा हुकूम नव्हता. म्हणून त्याला दोन पिस्तुलं दुकानातून रीतसर विकत मिळाली.

आमच्या पेशात पाळी बदलताना चार्ज देतात. जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला प्रत्येक पलंगाशी उभी करून सांगते: याला रात्री ताप होता, ही जेवली नाही, याच्यावर लक्ष ठेव. हे सांगायचं राहिलं की माणूस दगावतो. आमच्याही हातून एकदा राहिलं होतं, त्या रुग्णाच्या नशिबाने दुसरीच्या लक्षात आलं. तिथे इतक्या शहाण्या लोकांच्यात चार्ज द्यायचाच राहून गेला. विद्यार्थ्यांनाही उशिरा कळवलं. वसतिगृहात दोघांना मारलं ते सव्वासातला आणि विद्यापीठाची पहिली ई-मेल गेली ती ९ वाजून २६ मिनिटांनी.

नंतर सुधारणा झाल्या. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने ३० एप्रिल २००७ला हुकूम काढून ती यादीतली फट बुजवली. जानेवारी २००८ मध्ये सगळ्या अमेरिकेसाठी याबाबत कायदा झाला. कॉलेजांत धोका दिसताच मुलांना लगेच कळवणं बंधनकारक झालं. तरीही तिथे शाळा-कॉलेजांतले गोळीबार थांबलेले नाहीत, हेही खरं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मनाने आजारी असलेली माणसं आम्ही पुष्कळ सांभाळली. त्यांतल्या बहुतेकांनी कुणालाही कधी इजा केली नाही, उलट दुनियेनेच त्यांना इजा केली. तेव्हा अशा मुलाला पाहून पळू नका. वर्गात एखादा कुणाशी बोलत नसेल, मरणाच्या किंवा मारायच्या गोष्टी करत असेल, तर ते पोटात ठेवू नका. आईला सांगा, बाईंना सांगा. ही चुगली नव्हे, चार्ज देणं आहे. आणि ज्यांना स्वतःच रात्र खायला उठते त्यांनी १२०१ नंबर फिरवावा. एरान संस्थेची माणसं तिथे दिवसरात्र ऐकायला बसलेली असतात.

दगड

त्या विद्यापीठाच्या इमारती करड्या दगडाच्या आहेत. तो दगड तिथलाच, त्याला ते होकी स्टोन म्हणतात. घटनेनंतर लगेच विद्यार्थ्यांनी ते दगड आणून मोठ्या मैदानाच्या कडेला अर्धगोल मांडले, एका माणसाला एक. लोकांनी त्यांच्यापाशी फुलं, पत्रं, मेणबत्त्या ठेवल्या. पुढे १९ ऑगस्ट २००७ रोजी तिथेच कायमचं स्मारक झालं. एकेक दगड तीनशे पौंडांचा, म्हणजे साधारण १३६ किलोचा, आणि त्यावर नाव कोरलेलं. आपणही कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवतो. फुलं सुकतात, खडा राहतो. त्या मुलांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं.

त्या पहिल्या दिवसांत एका विद्यार्थिनीने ३३वा दगडही ठेवला होता, मारणाऱ्यासाठी. तोही कुणाचा तरी मुलगा होता म्हणून. कुणी तो उचलला, पुन्हा ठेवला गेला. कायमच्या स्मारकात दगड ३२च आहेत. यावर आमच्या क्लबात एकदा वाद झाला. एक जण म्हणाले, त्या मुलीला लाज वाटायला हवी होती. दुसऱ्या बाई म्हणाल्या, तिचं काळीज मोठं. आम्हाला विचाराल तर दगड ३२च बरोबर. ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं त्यांच्या रांगेत त्याला बसवता येत नाही. पण ज्या शुक्रवारी प्राध्यापकांना रआनानाला माती दिली त्याच दिवशी त्या मुलाच्या बहिणीने घरच्यांच्या वतीने पत्रक काढून दुःख व्यक्त केलं, माफी मागितली. तेही आपल्यासारखंच गाव सोडून परदेशात आलेलं कुटुंब, कोरियातून. मुलांचं भलं व्हावं म्हणून आलेलं. त्या आईसाठी दगड नाही, दिवा नाही, कुणी सांत्वनाला आलं असेल का, ठाऊक नाही. तिची आठवण आली की आम्ही मनातल्या मनात एक शब्द टाकतो. एवढंच.

मे २००७च्या पदवीदान समारंभात मेलेल्या विद्यार्थ्यांच्या पदव्या त्यांच्या घरच्यांच्या हाती दिल्या गेल्या. आता दरवर्षी १६ एप्रिलला तिथे त्यांची आठवण जागवतात. मध्यरात्री एक मेणबत्ती लावतात, ती चोवीस तास जळते. सकाळी ९ वाजून ४३ मिनिटांनी सगळे शांत उभे राहतात. ३२ जणांच्या नावाने मुलं ३.२ मैल धावतात. चोवीस तासांची ज्योत आणि उभं राहून पाळलेली शांतता, हे सगळं आपल्याला किती ओळखीचं आहे पाहा.

आणि नॉरिस हॉल? तो त्यांनी पाडला नाही. ज्या भागात हे घडलं तिथे शांततेच्या आणि हिंसा रोखण्याच्या अभ्यासासाठी केंद्र काढलं. इमारतीत आजही मुलं शिकतात. हे आम्हाला फार आवडलं.

या वर्षी

ती बारा वर्षांची नात आता सैन्यातली नोकरी संपवून घरी आली आहे. तिला पुढे शिकायला अमेरिकेला जायचं आहे. तिची आई, म्हणजे आमची लेक, म्हणते, "तिकडे कॉलेजांत गोळ्या चालतात, मी नाही पाठवणार." नात म्हणते, "आणि इथे?" तिचं चूक नाही. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर आमच्या बसथांब्याच्या काचेवर तरुण पोरांच्या फोटोंचे स्टिकर इतके चिकटले आहेत की वेळापत्रक दिसत नाही. बस येईपर्यंत आम्ही एकेकाचं नाव वाचतो.

मायलेकींनी आम्हाला मध्ये ओढलं. आम्ही लेकीला एवढंच सांगितलं की १९६९ साली पनवेल स्टेशनवर तुझ्या आजीनेही असाच पदर तोंडात धरला होता. तिने ऐकलेलं युद्ध दोनच वर्षांपूर्वीचं होतं. तरी तिने ट्रंक भरून दिली, वर लोणच्याची बरणी दिली. मुंबईच्या त्या मुलीच्या घरच्यांनीही अशीच बॅग भरून दिली असेल. भीती खोटी नसते. पण दार बंद करायचं ते मारेकऱ्यासाठी, मुलांसाठी नव्हे. लेक अजून रागावलेली आहे. अर्ज मात्र गेला आहे.

मागच्या वर्षी नात आणि आम्ही बसने रआनानाला गेलो. तिने खिशातून दोन खडे काढले आणि प्राध्यापकांच्या कबरीवर शेजारी शेजारी ठेवले. दुसरा कुणाचा, हे आम्ही विचारलं नाही.

तर वाचकहो, या वर्षी २८ निसानच्या संध्याकाळी आमच्या क्लबात आम्ही हा दिवा सर्वांसोबत लावणार आहोत. हशकाबा होईल, फळांवर बराखोत होतील, मग चहा. ३२ नावं वाचायची आहेत. आमच्या वयाच्या लोकांना परदेशी नावं वाचताना अडखळायला होतं, म्हणून मुलांनो, ते काम तुमचं. प्रत्येकाने एकेक नाव घ्यावं आणि आधी दोनदा मोठ्याने वाचून यावं. नाव चुकवायचं नाही. वॉर्डात आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: रुग्णाच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचल्याशिवाय काहीही करायचं नाही.

येताना काचेचा एक पेला घेऊन या. तेल आमच्याकडे आहे.

शालोम.